उधन्याला उतरलेला गिर्यारोहक

“काही नई व्हस, बाई!” असं म्हणून तो हात झटकायचा. बोट मशीनमध्ये सापडून काळंनिळं झालेलं असो की अंगात ताप असो, उत्तर हेच. ‘काही होत नाही’ हे अहिराणीत सांगितलं की त्याला ते जास्त खरं वाटत असावं.

सुरतच्या पांडेसरा भागातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये तो साड्यांच्या रंगाईवर होता, राहायचा आमच्या शेजारी. मी मराठी शाळेत शिकवायचे, म्हणून ‘बाई’. सुरतसारख्या सपाट गावात याला डोंगरांचं वेड कुठून लागलं, देव जाणे. रविवारी सरावासाठी पाठीवर कापडाचा गठ्ठा बांधून तो टेक्सटाइल मार्केटचे जिने चढायचा. वॉचमन त्याला हमाल समजून ओरडायचे आणि हमाल वेडा समजून हसायचे.

“एवढं काय आहे त्या डोंगरांत?” मी एकदा विचारलं.

“बाई, आठवडाभर मी वाफ पितो. तिथं श्वास घ्यायला त्रास पडतो, पण घेतला की गोड लागतो.”

मग हिमाचलातल्या एका मोठ्या शिखरावर जायचं ठरलं. सोबत हिरे घासणारा एक गुजराती मित्र आणि आणखी काही हौशी मंडळी. गल्लीच्या मंडळाला दम कुठला? शाल, श्रीफळ, फलकावर ‘शिखरवीर’. निघण्याआधीच सत्कार उरकला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. तुम्हीही वाजवल्या असत्या.

वर तंबूत म्होरक्या रोज विचारायचा, कोणाचं डोकं दुखतंय? उंचीवर डोकं दुखलं की सांगायचं आणि खाली उतरायचं, हा तिथला साधा नियम. याचं डोकं फुटत होतं, पोटात अन्न ठरत नव्हतं. पण सत्कार होऊन बसला होता ना! “काही नई व्हस,” तो म्हणत राहिला आणि शेवटच्या तंबूपाशी काहीबाही बरळत कोसळला. मित्राने त्याला भर वादळात खाली आणलं. हा वाचला. मित्राच्या पायाची बोटं मात्र बर्फाने गेली.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुरत स्टेशनावर आम्ही हार आणि ढोल घेऊन उभे. त्याने खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि तो उतरलाच नाही. पुढच्या स्टेशनाला, उधन्याला उतरून पायी घरी आला.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून त्याने मला सगळं सांगितलं. “डोकं दुखतंय, एवढंच बोलायचं होतं, बाई. लाज वाटली.” ऐकताना आमच्या त्या हारांच्या आठवणीने मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्राला तोंड दाखवायला तो कधी गेला नाही. पुढे सुरत सोडून तो गावी निघून गेला, त्याच्या थोडं आधी मित्रच त्याला शोधत आला. हा तेव्हा माझ्याकडे नळ दुरुस्त करत होता. दारातला आवाज ओळखून त्याने आतूनच खूण केली, नाही म्हणून सांगा.

मित्र काठी टेकून उभा राहिला. “बेन, एने कहेजो, मने खबर हती. एनी चाल बदलाई गई हती. पण मने पण शिखर जोईतुं हतुं, एटले हुं चूप रह्यो.”

म्हणजे याचा झोक जातोय हे त्याने पाहिलं होतं, आणि शिखरापायी तोही गप्प बसला होता.

मी आत गेले. तो ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसला होता. सगळं ऐकलं होतं त्याने.

“गेला?”

“आत्ताच. जा, गल्लीतच असेल अजून.”

तो उठला नाही. “कसा चालतोय, बाई?”

मी खिडकीतून पाहिलं. काठी पुढे टाकून मित्र मध्येच थांबला होता.

“हळू,” मी म्हणाले.

त्याने तोंड गुडघ्यांत घातलं.