मोसंबीवरचे टाके

जिन्यातल्या खिडकीत ठेवलेली मोसंबी मी अंधारात घरचीच समजून दातांनी सोलून खाल्ली. दातांत दोरा अडकला, तेव्हा वरच्या खोलीतली आमची भाडेकरू पोरगी समोरच उभी होती.

"काका, माझा पेशंट खाल्लात तुम्ही!"

ती वैजापूरकडची, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. टाके घालायचा सराव मोसंबीच्या सालीवर करायची. चीर शिवून झाली की उरलेल्या दोऱ्यानं तिथंच मोर नाहीतर कणीस काढायची. "वाचून डोकं बधिर झालं की एवढंच बरं वाटतं," म्हणायची. हसायची मात्र क्वचित.

परवा तिच्या वॉर्डात धाप लागलेली एक म्हातारी गेली. छाती दाबायच्या घाईत तिची चोळी कात्रीनं कापावी लागली होती. बाहेर थांबलेल्या लेकीला आई तशी दिसू नये, म्हणून ही पोरगी तिथंच चोळी शिवत बसली. सीनियर सगळ्यांदेखत ओरडला, "दुसरे पेशंट कोण बघणार? शिंप्याचं दुकान टाक!"

घरी येऊन ती बॅग भरायला लागली. "बरोबर बोलला तो, काका. मला नाय जमायचं हे."

मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, "अगं, इतकी वर्षं वाया जातील."

तिनं मान हलवली आणि बॅगेची चेन ओढली.

रिक्षा गल्लीबाहेर गेल्यावर बायको म्हणाली, "वर्षं कसली मोजता? माझ्या शेवटाला अशीच कुणीतरी जवळ पाहिजे, एवढं सांगायला हवं होतंत तिला."