तळ्यात सोडलेले मांगूर

मी वाडी सोडली तेव्हा बाबा वरंधच्या फाट्यापर्यंत माझी पिशवी घेऊन उतरले होते. लग्नाला पंधरा दिवस झाले होते, नवरा बदलापूरला पुढे गेला होता. एसटी दिसली तसे बाबा म्हणाले, "तिकडं मासा इकत घ्यावा लागंल. डोळं बघून घे." दुसरं काही त्यांना सुचलं नसावं.

वाडीच्या वर रानात एक लहान तळं आहे. ओढ्याला दगडमातीचा बांध घालून जुन्या लोकांनी अडवलेलं. उन्हाळ्यात गुरं तिथं पाणी प्यायची आणि बाबा मासे धरायला गरी टाकून बसायचे. मरळ माशाच्या तांबड्या पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला की ते गरी गुंडाळून उठायचे. "आईबाप खालीच असतात. त्यांना धरलं तर पिल्लांना कोण बघंल?"

बदलापूरला मी पॅकिंगच्या कंपनीत लागले. शिफ्ट, ओव्हरटाइम, रविवारी फोन. एका रविवारी बाबांनी सांगितलं, कुणीतरी तळ्यात ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारून नेले. आता दिवसभर बसून दोन बारके मासेसुद्धा मिळत नाहीत. त्यांचा आवाज ऐकून मला राहवेना.

आमच्या चाळीमागे एकाच्या माशांच्या टाक्या होत्या. लपूनछपून परदेशी मांगूर मासे वाढवायचा, बंदी असलेले. कोंबडीची आतडी टाकली की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. "भाभी, ये कहीं भी जी जाता है," तो म्हणाला. मला ते आश्वासन वाटलं. गणपतीला जाताना रंगाच्या रिकाम्या डब्यात डझनभर पिल्लं नेली.

बाबांनी डब्यात पाहिलं. "ह्यो आपल्याकडचा नाय गो."

"लवकर वाढतात, बाबा."

मी इतक्या लांबून आणले होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने डबा तळ्यात कलंडवला.

पहिल्या वर्षी मोठे मासे लागले. बाबांनी शेजारच्या सखूकाकींनाही दिले. पुढच्या वर्षी तांबडी पिल्लं दिसली नाहीत. मग बेडूक ओरडायचे थांबले. खंड्या पक्षी येईनासा झाला. फोनवर बाबा म्हणायचे, "वर गेलं की कायच ऐकू येत नाय." मागच्या पावसात त्यांनी ओल्या गवतावर एक मांगूर पाहिला. बांध ओलांडून सरपटत ओढ्याकडे चालला होता. तो ओढा पुढे सावित्री नदीला मिळतो.

या एप्रिलमध्ये बांध फोडून, तळं रिकामं करून मांगूर मारायचे ठरलं. वाडीत राहिलेली म्हातारी माणसं कुदळी, कोयते घेऊन वर आली. मीही रजा टाकून गेले.

"आणि गुरांना पानी?" काकींनी विचारलं.

"खालच्या ओढ्यावर न्यायची," बाबा म्हणाले. उन्हाळाभर रोज दोन वेळा तो चढउतार. काकी सत्तरीच्या आहेत.

मासे कुठून आले हे बाबांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी म्हणाले, "काकी, ते मी आणले. बदलापूरवरनं."

कुदळी थांबल्या. काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. मग त्या वाकल्या आणि पुन्हा दगड उचलू लागल्या.

पाणी गेलं. हाताएवढे मांगूर चिखलात वळवळत होते, ते मारले. मरळ एकही नव्हती. दुपारी सगळे दमून बसले, तेव्हा बाबांनी मधोमध बोट दाखवलं. तिथला चिखल हलत होता; काही मांगूर खाली खोल शिरले होते. दोन दिवस खणलं, तरी सगळे निघाले की नाही कळेना. तिसऱ्या दिवशी माझी रजा संपली. निघताना काकी दर वेळी माझ्या पिशवीत तांदळाचं पीठ घालायच्या. या वेळी त्यांचं दार बंद होतं.

तुम्हीही माझ्यासारखे बाहेर पडला असाल. गावाला काहीतरी न्यावं असं आपल्याला फार वाटतं, गाव मागत नसलं तरी. पूर्वी घर म्हटलं की मला निवांत वाटायचं; मी गेले तरी ते जागच्या जागी आहे, असं वाटायचं. आता घराची आठवण आली की ते तळंच डोळ्यांपुढे येतं. तिथं माझ्या हातून काहीतरी सुरू झालंय आणि मी इथं शिफ्टला बसलेय.

बांध परत घातलाय. काल बाबांचा फोन आला. पावसाने तळं भरलं म्हणाले.

"काही दिसतं का?"

"वर तर काय नाय."

"आणि खाली?"

"खालचं कसं कळंल गो?"