पाचावर ठेवलेला रेडिएटर

चंद्रशेखर टिल्लूंनी कार्डिफच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं जंतू पाळले. पाळले म्हणजे अगदी लेकरासारखे. काचेच्या बशीत घालायचे, इनक्युबेटरमध्ये ठेवायचे आणि आतलं तापमान सदतीसच्या खालीवर होऊ द्यायचं नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक बशी थंडीनं मेली नाही. असा माणूस आपल्या घरातली पुढची खोली वीस अंशांवर नेऊ शकत नव्हता, आणि त्याच्या बायकोला वॉर्डातल्या कॉटवर पडल्या पडल्या याचं हसू येत होतं.

"अहो, तुमच्या जंतूंचं नशीब माझ्यापेक्षा बरं," सुप्रभाताई म्हणायच्या. मग खोकायच्या. खोकला थांबला की हसू गेलेलं असायचं. "मला घरी न्या हो. इथे ऊब आहे, पण इथे 'अहो' म्हणायला कोण आहे?"

नोव्हेंबरात त्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड जोडलं, पण छातीत कफ धरला तो जानेवारी आला तरी सुटेना. घरी सोडायचं की नाही हे मेगनच्या हातात होतं. ही इस्पितळाची बाई घरोघर जाऊन पाहते, की पेशंट तिथे धड राहील का. तिनं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं: पलंग खाली, पुढच्या खोलीत हवा, आणि ती खोली वीस अंशांच्या वर हवी, या छातीला थंडी चालणार नाही. सोमवारी ती पुन्हा येणार. जमलं तर घर, नाही तर बॅरी गावातलं, म्हाताऱ्यांना सांभाळणारं नर्सिंग होम. तिथे एक जागा रिकामी होती, आणि अशा जागा फार दिवस रिकाम्या राहत नाहीत.

पलंग आला. वर-खाली होणारा, कठडेवाला, अर्धी खोली खाणारा. त्याच्यासाठी कोपऱ्यातलं देवघर हलवावं लागलं. मिरजेहून बोटीनं आणलेलं सागवानी देवघर चंद्रशेखररावांनी खिडकीखाली, खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या रेडिएटरच्या टोकाशी चौरंगावर टेकवलं. बाळकृष्णाचीही थंडीची सोय झाली, असं मनाशी म्हणाले. बायको पडली त्या दिवसापासून देवापुढे काचेच्या चिमणीत नंदादीप होता. ती उंबरा ओलांडून आत येईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेल्या माणसानं हे कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर खोली पंधरा अंशांच्या वर जाईना. बाकीचं घर ठीक, हीच खोली रुसलेली.

त्यांनी रेडिएटरचा व्हॉल्व्ह तीनवरून पाचावर नेला. पंख्याचा रेग्युलेटर पाचावर नेला की वारा वाढतो, तसा. काही झालं नाही. किल्ली लावून आतली हवा काढली. काळं पाणी गालिच्यावर सांडलं, खोली पंधराच. मग ते माहितीपत्रक घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं की व्हॉल्व्ह आपल्या आजूबाजूची हवा चाचपतो आणि ती पुरेशी गरम वाटली की गरम पाणी बंद करतो. आकडा म्हणजे जोर नव्हे, खोली किती गरम हवी ते. पाच म्हणजे नुसती जास्त अपेक्षा. खाली ठळक अक्षरांत होतं: व्हॉल्व्हजवळ फर्निचर, पडदे, वाळत घातलेले कपडे नकोत.

त्यांनी सोफा दूर सारला. पडदे वर खोचले. टॉवेल उचलला.

प्लंबरची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. विजेचा हीटर आणला, तर मेगन फोनवर म्हणाली, "नो, मिस्टर टिल्लू. वॉकरच्या वाटेत वायर नको, त्या परत पडतील." शनिवारी स्लाऊहून मुलाचा, इथेच वाढलेल्या कुशलचा, फोन आला.

"बाबा, रेडिएटरच्या पुढे काही आहे का? एनीथिंग?"

"काही नाही रे. सगळं हलवलं."

ते खोटं बोलत नव्हते. देव म्हणजे काही फर्निचर नव्हे.

सोमवारी मेगन आली. पलंग पाहिला, संडासातला कठडा हलवून पाहिला. देवघरासमोर थबकली, कोणीतरी शिकवल्यासारखे हात जोडले, "ब्यूटिफुल," म्हणाली आणि अदबीनं चार पावलं मागे सरली. मग तिनं भिंतीवरचा तापमापक पाहिला. पंधरा. तिचे डोळे भरले होते, असं चंद्रशेखररावांना वाटलं. पण फॉर्मवर डोळ्यांसाठी रकाना नव्हता.

बुधवारी सुप्रभाताईंना बॅरीला नेलं. मेगन म्हणाली, बारा आठवड्यांनी पुन्हा बघू. त्यांच्या छातीकडे पाहून डॉक्टर बारा आठवड्यांचं नाव काढत नव्हते.

दुपारी कुशल आईचे कपडे न्यायला आला. फोन चार्जिंगला लावायला खिडकीखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"बाबा, ही देवघर इथे कधीपासून आहे?"

"पलंग आला तेव्हापासून."

"व्हॉल्व्ह तिच्या मागे आहे. विथ अ लॅम्प! त्याला वाटतं, रूम गरम झाला."

त्यानं देवघर चौरंगासकट ओढलं. फार नाही, हातभर. रेडिएटरमध्ये खळखळ झाली, जणू कोणीतरी इतके दिवस आत घोट धरून बसलं होतं. कुशलनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि बॅरीला गेला.

चारला तापमापक अठरावर होता. पाचला बावीसवर. चंद्रशेखररावांनी स्वेटर काढला आणि कोऱ्या चादरीच्या त्या पलंगावर बसले. व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. त्यानं इमानानं आपलं काम केलं होतं. त्याला हातभर जागेत ऊब मिळत होती आणि तेवढीच खोली तो धरून चालला होता. इनक्युबेटरच्या तापमापकाला कधी कशाचा शेजार होऊ दिला नव्हता त्यांनी. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

सहाला फोन वाजला.

"अहो, पोचले मी. बरं आहे इथे. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे; मला तर गाड्याच दिसतायत." जरा खोकल्या. "कुशल आलाय. काही बोलतच नाही, नुसता बसलाय. झाली का हो खोली गरम?"

चंद्रशेखररावांच्या कपाळावर घाम होता.

"नाही गं," ते म्हणाले. "पाइपच जुने आहेत. आपल्या हातात काही नव्हतं."

"मग जाऊ दे," सुप्रभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली गाठ सुटल्यासारखी वाटली. "तुम्ही तरी स्वेटर घाला."

फोन ठेवून ते उठले. देवघराला वळसा घालून गुडघ्यांवर बसले आणि व्हॉल्व्ह पाचावरून उलटा फिरवत नेला. चार, तीन, दोन, एक, आणि शेवटी बर्फाच्या चांदणीचं चिन्ह, म्हणजे जवळजवळ बंद. मग स्वेटर घातला, नंदादीपात तेल ओतलं, आणि आपण बोललो ते खरं व्हायला किती वेळ लागतो, हे तापमापकावर पाहत बसले.