कुंपणातलं कुरण

संशोधन संस्थेतल्या नोकरीच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी हिमालयातल्या एका कुरणावर राहिले. झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर, वर्षातले जेमतेम चार महिने जमीन उघडी असते तिथे. कुरणाच्या एका तुकड्याला तारेचं कुंपण घालायचं, मेंढ्या आत येऊ द्यायच्या नाहीत आणि आतल्या-बाहेरच्या वनस्पती मोजून वहीत लिहायच्या, हे माझं काम. नारायण पेठेतून निघताना आईने थालीपिठाची भाजणी बांधून दिली होती. ती तिथल्या एका मेंढपाळाच्या चुलीवर संपली.

ते साठीकडे झुकलेले होते. दर उन्हाळ्यात कळप घेऊन वर यायचे. मी त्यांना चाचाजी म्हणायचे, ते मला बेटी. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. कुंपणाचे खांबही त्यांनीच माझ्याबरोबर ठोकले.

"मेंढ्या चरतात म्हणून फुलं कमी झाली, असंच लिहिणार ना तू?" त्यांनी एकदा विचारलं.

"मोजणीत येईल ते लिहीन."

"मग हेही मोज. पूर्वी आम्ही यायचो तेव्हा त्या घळीत बर्फ असायचा. आता आम्ही यायच्या आधीच तो वितळतो. आणि ती झुडपं माझ्या लहानपणी पार खाली होती. वर चढायला लागलीत."

मी ते वहीत उतरवलं आणि पुण्यात आल्यावर अहवालाच्या मसुद्यातही घातलं. आमच्या विभागप्रमुखांनी तो परिच्छेद वाचून चष्मा काढला. "हे चाचाजी कोणत्या विद्यापीठाचे?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. परिच्छेद मीच काढून टाकला. बर्फाची मोजणी माझ्याकडे नव्हती, हे खरं. पण 'हे तपासायला हवं' एवढं तरी लिहिता आलं असतं. अहवालात एकच कारण उरलं, चराई.

काही काळाने वनखात्याच्या आदेशाने त्या उतारावर चराई बंद झाली. माझ्यामुळे झाली असं म्हणणं फुशारकीचं होईल, पण बंदीच्या कागदांना माझा अहवाल जोडलेला होता. चाचाजींचा फोन आला. ते ओरडले नाहीत.

"बेटी, बर्फाचं लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं. मग काढलं."

 त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मला त्यांना फोन करायचा धीर झाला नाही.

लग्नानंतर मी वारज्याला राहायला आले. बरीच वर्षं गेली. दोन-तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विभागातली एक तरुण संशोधक त्या कुरणावर जाऊन आली आणि फोटो दाखवायला घरी आली. कुंपणाच्या आत कमरेएवढं रानटी तण माजलं होतं. जमिनीलगतची निळी, जांभळी फुलं त्याच्याखाली गुदमरून गेली होती. चराई थांबलेल्या बाकीच्या उतारावरही तेच. झुडपं तर थेट कुंपणाच्या खांबांना येऊन भिडली होती. शेजारच्या उतारावर अजून थोड्या मेंढ्या जातात. बारीक फुलं तिथेच दिसत होती.

"मॅडम, मग अहवाल चुकला का?" तिने विचारलं.

"अर्धाच लिहिला होता," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी फोन लावला. चाचाजींच्या सुनेने त्यांना बोलावलं. मी फोटोंत पाहिलं ते सगळं सांगितलं.

"हे ऐकवायला फोन केलास?"

"माफी मागायला केला."

"कळप विकला मी. लांबच्या कुरणापर्यंत चालवेना." मग त्यांनी विचारलं, "झुडपं कुठवर आलीत?"

"कुंपणापर्यंत."

"अजून चढतील."

मी जुन्या अहवालाला पुरवणी लिहिली. काढलेला परिच्छेद परत घातला, त्यांना विचारून त्यांच्या नावासकट. त्या तरुणीच्या नोंदी सोबत जोडल्या. खूप पत्रं गेली, दोन बैठका झाल्या. शेवटी उताराचा खालचा भाग काही आठवड्यांसाठी लहान कळपांना उघडला. चाचाजींचा पुतण्या तिथे मेंढ्या नेतो. बर्फ मात्र लवकरच जातो. त्यावर त्या उताराच्या कागदांत उपाय नाही.

मी अधूनमधून फोन करते. कधी चाचाजी बोलतात, कधी सून सांगते की ते झोपलेत.