कपाट उघडण्यापूर्वीची हाक

सुजाता प्रकाश गायकवाड,

मंगळवारी सकाळी मी नारायण पेठेतल्या तुझ्या हॉस्पिटलात होतो... तू गेल्यानंतर प्रथमच. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, खुब्याचे ऑपरेशन आदल्या दिवशी झाले होते. आणि नेमकी त्या सकाळीच तेथील संपूर्ण संगणकव्यवस्था बंद पडली.

अक्का वेदनेने विव्हळत होती. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन समोरच्याच कपाटात होते. परंतु ते नशेच्या औषधांचे कपाट; एरवी ते संगणकावर नोंद झाल्यावरच उघडते. वॉर्डातल्या सिस्टरकडे आणीबाणीची किल्ली होती, तरी ती कपाटाला हात लावेना.

"मी निवृत्त प्राध्यापक आहे. सर्व जबाबदारी माझी," मी म्हणालो.

"काका, कपाटाला त्याचं काय?"

मग ती दारात गेली आणि कॉरिडॉर दणाणेल अशी ओरडली, "साक्ष!"

लांबून उत्तर आले, "आले, आले!" पलीकडच्या वॉर्डातली सिस्टर दुसरी किल्ली घेऊन धावत आली. दोघींनी अक्काला तिचे पूर्ण नाव विचारले, कोणते औषध सोसत नाही तेही विचारले.

"अगं, माझी मुलाखत नंतर घे, आधी कळ थांबव!" अक्का कडाडली. उत्तरे मात्र तिने चोख दिली. मगच दोन्ही किल्ल्या फिरल्या.

इंजेक्शन दिल्यावर मी विचारले, ही ओरडण्याची रीत कोणाची?

"गायकवाड सिस्टरांची. त्या म्हणायच्या, मशीन बंद पडलं म्हणून पेशंटला ताटकळत ठेवायचं नाही, आणि एकटीनं कपाटही उघडायचं नाही. लाज वाटली तरी ओरडायचं."

मी त्या गायकवाड सिस्टरांचा नवरा, हे तिला ठाऊक नव्हते.

घरी मला जेवायला बोलावतानाही तू कधी आवाज चढवला नाहीस. तो आवाज तुझ्याबरोबरच संपला, असे मी धरून चाललो होतो. तो त्या वॉर्डात अजून वापरात आहे, सुजाता. हे अशा जाहीर पत्रातून, सर्वांसमोर लिहिणे मला आवश्यक वाटले.

अक्का शांत झोपली. दुपारी संगणक सुरू झाले. दोघींनी कपाटाची कुलपे पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि किल्ल्या मेट्रनबाईंकडे परत केल्या.