एका हाताचे दोन रिपोर्ट

सुलोचनाचा थायरॉईडचा रिपोर्ट घ्यायला ती आणि तिची सासू शनिवारी दुपारी लॅबमध्ये आल्या. मुंबईचे स्पेशालिस्ट महिन्यातून एकदाच शहरात यायचे, आणि त्यांची अपॉइंटमेंट दुसऱ्याच दिवशी होती. लॅब चालवणाऱ्या आमच्या डॉक्टर सरांचा नियम होता, पेशंट तिकडे रिकाम्या हातानं जाता कामा नये. जुने रिपोर्ट, चालू औषधं, सगळं एका फाईलला लावून द्यायचं.

"याआधी कधी तपासलंय?" मी विचारलं.

"नाय. पहिलीच बार हाय," सासू म्हणाली. "दोनदा दिवस गेले, दोन्ही डाव राह्यलं नाय. उद्या डाक्टर काय म्हनतो बघायचं, नायतर पोराचं दुसरं करायचं."

पोरगा वाळूजच्या कंपनीत कामाला, राहायला गारखेड्यात. सून खाली मान घालून उभी. रिपोर्टचं पाकीट घ्यायला तिनं हात पुढे केला आणि मी थबकले. मनगटाच्या वर गोंदलं होतं, 'हौसा'. वीस वर्षं रक्त काढून माझी एक खोड झालीय, चेहरे विसरते पण हात विसरत नाही. या वेळचं रक्त दुसरीनं काढलं होतं, पण हा हात मी आधी पाहिला होता.

रजिस्टर उघडलं. तीन महिन्यांपूर्वी, हौसा, पाचोड. माहेरी आलेल्या लेकीला वडील घेऊन आले होते आणि त्यांनी तिचं माहेरचंच नाव सांगितलं होतं. त्या रिपोर्टमध्ये टीएसएच जवळपास नॉर्मल. टीएसएच म्हणजे मेंदूनं गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी सुस्त झाली की हाक मोठी होते, आकडा वाढतो. सुलोचनाच्या ताज्या रिपोर्टमध्ये तो चौपट होता.

वजन करायचं निमित्त काढून मी तिला आत नेलं.

"हौसा?"

ती दचकलीच. "बाई, आत्याबाईला सांगू नगा! दुसऱ्या डावानंतर म्हायेरी ऱ्हायले, तवा गोळी घेत व्हते. इथं आले आन लपवून ठिवली. सून रोगी निघाली म्हनतील."

मी सरांकडे जाऊन दोन नावांचं आणि गोळीचं सांगितलं. बाहेर नामांतराचा मोर्चा चालला होता, घोषणा थेट केबिनमध्ये ऐकू येत होत्या.

"बायकांचं नामांतर लग्नाच्या मांडवात होतं आणि आपल्या रजिस्टरला पत्ता नसतो," सर म्हणाले. "दोन्ही रिपोर्ट लावा."

"ती नको म्हणतेय, सर."

"मग तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही. पण नीट समजावून सांगा. घाई करू नका."

त्या 'घाई करू नका'साठी मी सरांची आजही ऋणी आहे. बाहेर सहा पेशंट खोळंबले होते.

मी दोन्ही कागद हौसासमोर ठेवले. "हा गोळी घेताना, हा गोळी सोडल्यावर. तू लपवतेयस तो कागद तुझ्याच बाजूनं बोलतोय. गोळीनं तू बरी होतेस."

ती दोन्ही कागदांवरून बोट फिरवू लागली. वाचता येत नव्हतं, पण एकात आकडा लहान आणि एकात मोठा, एवढं तिला कळलं. मग जुना रिपोर्ट उचलून ती स्वतःच बाहेर गेली.

"आत्याबाई, ह्यो बी माजाच हाय."

सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी गोळीनं बरी व्हती? मग सोडली कशापायी?"

"तुमच्या भीतीनं."

म्हातारी फाईल माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "मी काय खाते का काय हिला? लिवा बाई, गोळी कवा, किती, सगळं लिवा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी स्पेशालिस्टनी माहेरी चालू होता तोच डोस ठेवला. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि दिवस राहिले की लगेच कळवायचं. गोळीची डबी तेव्हापासून सासूच्या ताब्यात. गोळी न घेताच पाण्याचा तांब्या ठेवून सटकायची हौसाला सोय उरली नाही.

आम्ही फॉर्मवर एक रकाना वाढवला, 'माहेरचं नाव'. लॅबनं घ्यायचा धडा एवढाच होता.

दीडेक वर्षानं म्हातारी स्वतःची शुगर तपासायला आली. कडेवर नात. मी फॉर्म भरायला घेतला.

"माहेरचं नाव?"

"माजं?" ती हसली, मग हसता हसता थांबली. "द्वारका. चाळीस वर्सांत कुनी इचारलंच नव्हतं, बाई."