पाहुण्यांची परीक्षा

बाळांनो, हे पत्र तुम्ही दोघांनी आईला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. आळीपाळीने, एक परिच्छेद तू, एक तुझ्या भावाने. अडलात तर आईला विचारा, पण पान तिच्या हातात देऊ नका. मी आत्ताच लिहिते आहे, कारण मला राग आला आहे, आणि तो शिळा झाला की मी समजूतदारपणे बोलायला लागेन. ते मला नको आहे.

गेल्या रविवारी धरणगावच्या रस्त्यावरच्या आपल्या शेतात भरिताचा बेत होता. थंडी पडली की जळगावात कुणाला घरात जेवावंसं वाटत नाही. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होती, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या आणि फोनच्या पडद्यावर तुम्ही आलात. तू विचारलंस, "आजी, ही वांगी हिरवी का? आमच्याकडे तर काळी असतात."

उत्तर मला येत नव्हतं. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, वांग्याचं मला काय ठाऊक? मी शेजारी विचारणार, तेवढ्यात तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, आपले आबा, यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"ते राहू दे. सोळाचा पाढा म्हण बरं. घरीच शिकता ना तुम्ही? पाहू."

तू भावाकडे पाहिलंस. आबांनी भावाला विचारलं, तो तुझ्याकडे बघायला लागला. मागून कुणी म्हणालं, "बिचाऱ्यांना शाळाच नाही, येणार कुठून!" सगळे हसले. मग पडद्यावर तुमच्या घराचं छत दिसायला लागलं. तू फोन पालथा टाकून निघून गेली होतीस.

आबा माझ्याकडे वळले. पोरांना काही येतं की नाही, सगळं घरातच शिकवते का तुमची आई, असं अहिराणीत विचारलं. "पोरेस्ले काही येस का नही? बठ्ठं घरमाच शिकाडस ती?"

मी म्हटलं, "आबा, तिने आधी विचारलं होतं. तिला उत्तर द्या."

"वांगं हिरवं का, हा काय प्रश्न शे?"

"मग सोळाचा पाढा तुम्ही म्हणा."

त्यांनी म्हटला. ताठ बसून, जुन्या चालीत, एकदाही न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "छान. आता सांगा, वांगं हिरवं का?"

एक जाऊ घाईघाईने भाकरी वाढायला उठली. मला म्हणतात, म्हातारपणी तोंड सुटलं. सुटू दे.

दोन दिवसांनी तुमच्या आईचा फोन आला. ती रडत होती. "आई, ती काही विचारतच नाही गं. एकेक ओळ लिहून माझ्याकडे बघते, बरोबर आहे का म्हणून. चुकत असेन मी. शाळेत घालते आता."

शाळा वाईट नसते. मी शाळेतच शिकवलं. तुम्हाला शाळेत घालायचं असेल तर घालावं, पण भरिताच्या पंगतीत कुणी हसलं म्हणून नाही. माझा राग तिथे आहे. आपल्याकडे पाहुणा पायावर पाणी घेण्याआधी घरातल्या पोराची परीक्षा घेतो. त्यात त्याला काही वाईट वाटत नाही, उलट कौतुकच केलं असं वाटतं.

तुमच्या आईला हे ठाऊक आहे. आम्ही धुळ्याला होतो तेव्हा ती तुझ्याएवढी होती. सांध्यांचा ताप आला, गुडघे सुजले, आणि डॉक्टरांनी शाळेचे जिने चढायला मनाई केली. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी येऊन मी तिला शिकवायची. आबा कोर्टाच्या कामासाठी पाचोऱ्याहून यायचे. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "काय वं, अपूर्णांक आले का?" त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंत धरत धरत.

तेव्हा मी घरात एक नियम केला. या घरात ज्याला पोरीला प्रश्न विचारायचा असेल, त्याने आधी तिच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. येत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं आणि चहा प्यायचा. आबा चिडले. "घरातबी मास्तरीण झालीस तू!" पुढच्या वेळी तिने विचारलं, "आबा, कोर्टात काळा कोटच का घालतात?" त्यांनी चहा प्यायला. तिने परत कडी लावली नाही.

म्हणून मुली, आता पुढचे दोन परिच्छेद तुझ्यासाठी नाहीत, तुझ्या आईसाठी आहेत. वाचताना आवाज चढव.

पोरी, घरात शाळेसारखी घंटा वाजवू नकोस. सकाळी मन ताजं असताना बसून अभ्यास करा, थोडा असला तरी पुरतो. उरलेला दिवस वाया गेला असं समजू नकोस. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, मग सहा वाट्या ज्वारीला किती, हे तू कळण्याचं दळण करताना शिकलीस. दीड हा शब्द तुला पुस्तकाआधी दळणाच्या डब्यात भेटला. मूल कंटाळलं तर गणित अर्धवट सोडून उठू दे. अर्धवट राहिलेलं डोक्यात चालू राहतं. रोज मोठ्याने वाचून घे, मराठीही. एखादा दिवस तुलाच नको वाटेल, त्या दिवशी पुस्तकं मिटून बाजारात जा. आणि येत नसेल तिथे "मला येत नाही, शोधू या" असं म्हण. ते म्हणायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली.

आणि फोनवर परीक्षा सुरू झाली, तर फोन ठेव. मी तुला सांगते, ठेव. नातं तुटत नाही. आबांचं आणि माझं तुटलं का? काल त्यांचा फोन आला. माफी वगैरे नाही, ते आबाच आहेत. म्हणाले, "भाजीवाल्याला विचारलं. तो म्हणतो, जातच तशी. हे काही उत्तर नाही, हे मलाबी कळतं." आणि फोन ठेवला.

आता पुन्हा तुझ्याशी, मुली. आज सकाळी तुझी आई बोलली. तू दुकानातून काळं वांगं आणायला लावलंस म्हणे, ओट्यावर साल काढलीस, आत पांढरट हिरवंच निघालं. मग तिला विचारलंस, "काळा रंग नुसता सालीतच का?"

त्याचंही उत्तर मला येत नाही. शाळेचं अजून काही ठरलेलं नाही, आणि माझा रागही उतरलेला नाही. घरातला तो नियम अजून आहे, आणि तुझा प्रश्न अजून शिल्लक आहे.